पंखे किती फिरावेत यावरून आपलं भांडण

हेमंतभाऊजी,

भेटायला येणारी माणसं तुमच्याबद्दल एक प्रश्न हमखास विचारतात आणि मला त्याचं धड उत्तर देता येत नाही. हेमंत नेमकं काय करायचा? मी म्हणते, कॉम्प्युटरचं काम. ती मान हलवतात. परवा चिखल्याच्या मावशींनी पुढे विचारलं, म्हणजे दुरुस्ती का गं? मी म्हटलं, दुरुस्ती करायचे, तलासरीला क्लासही चालवायचे. त्यांनी बशीत चहा ओतला, तुमच्या फोटोकडे बघितलं आणि म्हणाल्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असा होता बिचारा.

मला सांगावंसं वाटत होतं की मावशी, ते पंखे हळू करायचे. कॉम्प्युटरच्या डब्यातली गरमी बाहेर काढायला आत छोटे पंखे असतात. ते किती वेगानं फिरतायत यावर लक्ष ठेवायचे आणि जरुरीपुरतेच फिरवायचे. त्याचंच वेड होतं त्यांना. पण बाराव्याचे पाहुणे अजून घरात असताना असलं काही बोलणं बरं दिसत नाही. माणूस गेल्यावर त्याचं काहीतरी मोठं सांगायचं असतं. मी रिकाम्या बश्या उचलल्या.

तुमच्यासाठी रडायचा पहिला मान आईंचा, मग तुमच्या दादाचा. बायको असती तर तिचा. वहिनीचा नंबर कितवा लागतो ते कुणी ठरवून ठेवलेलं नाही, म्हणून मी चहा करते, गाद्या घालते, उचलते. आता जेवणं होऊन सगळी आडवी झाली आहेत. तेवढ्यात तुमच्याशी बोलून घेते.

मी लग्न होऊन मसोलीला आले तेव्हा तुम्ही मुंबईला होता, एका मोठ्या कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये. सणावाराला यायचात, आल्यासारखे जायचात. मग एकदा सगळं सामान घेऊनच आलात. कानात सतत शिट्टी वाजते म्हणालात. आईंनी लसूण घालून तेल कोमट केलं. डहाणूच्या डॉक्टरांनी तपासलं, मुंबईच्या डॉक्टरांनी तपासलं, आणि सगळ्यांनी मिळून तुम्हाला सांगितलं की सवय करून घ्या.

माझं माहेर चिंचणीचं. वडील बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे होते. आमच्याकडे माणसं वाऱ्याच्या वरून बोलतात, बंदरावरून हाक मारली तर ती बोटीवर पोचली पाहिजे. तुम्ही येऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा एकदा जेवताना म्हणालात, वहिनी, जरा हळू बोलता का. मला इतका राग आला की मी तुमच्याशी बोलणंच टाकलं. ताट वाढायचे आणि निघून जायचे. शेवटी तुम्हीच ओट्याशी येऊन उभे राहिलात आणि मोबाइल माझ्या हातात दिलात, कानाला लावा म्हणालात. आत नुसता घोंघाट होता. वादळात ताडपत्री फडफडते तसा, पण मध्ये कुठे श्वास न घेणारा. हे काय, म्हणून विचारलं, तर म्हणालात, माझं ऑफिस. शेकडो पंखे आहेत तिथे आणि सगळे कायम पूर्ण वेगावर, कारण कमी केले आणि काही बंद पडलं तर जबाबदारी कुणी घ्यायची. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुमचा आवाज वाईट नाही वहिनी. माझे कान संपलेत."

त्या दिवसापासून मी हळू बोलायला शिकले. माहेरी गेले की भाऊ अजून विचारतो, सासरी तुला बोलू देत नाहीत का.

तलासरीला क्लास काढायचं ठरलं तेव्हा तुम्हीच आईंना सांगितलंत की वहिनी सोबत असल्या तर मुली येतील. मी बी.कॉम. झालेली, टायपिंग येणारी, बाकी सगळं तुम्ही शिकवणार होता. दीर-भावजय रोज एकत्र जातात म्हणून आळीत कुजबुज व्हायची ती झाली. आईंनी एकदाच, अंगणात उभं राहून, शेजारच्यांना ऐकू जाईल अशा बेतानं मला हाक मारली आणि म्हणाल्या, मीना, हेमंतचा डबा विसरू नको. तो विषय तिथे संपला.

हायवेजवळची ती पत्र्याची खोली. बाहेर गुजरातकडे जाणारे ट्रक आणि आत कुठून कुठून गोळा केलेले जुने कॉम्प्युटर. सगळे एकदम सुरू केले की पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटायचं. अगदी सुरुवातीला तुम्ही कविताला काहीतरी विचारलं होतंत. पाड्यावरून आलेली, घरी वारली बोलणारी, मराठीत चुकू म्हणून आधीच घाबरलेली मुलगी. तिचे ओठ हलले. मी म्हटलं, जोरात बोल गं. ती परत बोलली आणि खाली बघायला लागली. तुम्ही उठलात आणि मेन स्विच बंद केलात. सगळे स्क्रीन काळे झाले, पंखे रेंगाळत थांबले. मुलं तुमच्याकडे बघत राहिली. तुम्ही तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलात आणि म्हणालात, आता सांग. तिचं उत्तर बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी मला समोर बसवून कॉम्प्युटरचा एक डबा उघडलात. मला आठवतं, तुम्ही पंख्याच्या तारा बोटानं एकेक वेगळ्या करून दाखवल्या होत्यात. दोन तारांचा पंखा नुसता फिरतो. तीन तारांचा असला तर तिसऱ्या तारेतून आपला वेग सांगतो. चार तारा असल्या तर सांगतोही आणि ऐकतोही. मग तुम्ही एक छोटा प्रोग्राम लिहिलात. तो आतली गरमी बघायचा, पंख्याला वेग विचारायचा आणि किती फिरायचं ते त्याला सांगायचा. स्क्रीनवर त्याची एक रेघ असायची. डावीकडे सपाट, मग हळूहळू चढत गेलेली. किती गरम झाल्यावर किती पळायचं, एवढंच त्या रेघेत होतं. पण ती एक रेघ ओढायला तुम्हाला महिने लागले. पंखा सुरू व्हायला जोर जास्त लागतो, चालत राहायला कमी. म्हणून आधी त्याला जोरात ढकलायचं आणि मग सोडायचं. गरमी जराशी उतरली की लगेच वेग उतरवायचा नाही, नाहीतर तो सारखा वर-खाली करत बसतो. माणसाला आवाजाची सवय होते, आवाज बदलत राहिला तर होत नाही, असं तुम्ही म्हणायचात. हे तुम्हाला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

क्लास शांत झाला. ट्रकांचा आवाज होता, तो आपल्या हातात नव्हता. पण मुली बोलायला लागल्या. कविता तर इतकी बोलायला लागली की तिला गप्प करावं लागायचं. आज तोच क्लास ती चालवते.

भांडण रेघ चढायला कुठून सुरुवात व्हावी, यावर होतं. तुम्हाला ती उशिरा चढायला हवी असायची. एवढी गरमी चिप सहज सोसते, बनवणाऱ्यांनीच लिहून दिलंय, उगाच कशाला घाबरायचं. मला ती लवकर चढायला हवी होती. मे महिन्यात त्या पत्र्याखाली माणसाच्या डोक्याचं काही चालत नाही, तिथे मशीनचं काय चालणार. आणि दुसरं कारण मी तुम्हाला फार उशिरा सांगितलं. वडील म्हणायचे, समुद्रात इंजिनाचा आवाज येतोय तोवर निवांत झोपा, थांबला की उठा. मला लहानपणापासून आवाज आला की बरं वाटतं. सगळं ठीक चाललंय असं वाटतं. तुम्हाला बरोबर उलटं. हे ऐकल्यावर तुम्ही बराच वेळ हसलात आणि म्हणालात, म्हणजे आपलं कधीच जमायचं नाही.

खरंच जमलं नाही. तुम्ही चहाला बाहेर गेलात की मी रेघ वर ओढायचे. तुमच्या मोबाइलवर क्लासमधल्या प्रत्येक पंख्याचा वेग यायचा हे मला माहीत होतं, तरी ओढायचे. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्याशी न बोलता भिंतीकडे बघून म्हणायचात, काल तलासरीत कुणाला तरी फार उकडलेलं दिसतंय. आणि रेघ परत खाली. एका उन्हाळ्यात एक मशीन बंदच पडलं. मी म्हटलं, गरमीनं गेलं. तुम्ही म्हणालात, त्याचा पॉवर सप्लाय जुना होता, जाणारच होता. त्याचा निकाल काही लागला नाही.

जमीन हलली की मुलं धडाधड बाहेर पळायची. आपल्याकडे भूकंपाचे धक्के काही नवे राहिलेले नाहीत, पत्रे खडखडले की पायच आधी दाराकडे जातात. सगळी बाहेर आली का ते बघून तुम्ही शेवटी यायचात. थोड्या वेळानं आत जाऊन प्रत्येक डब्याला कान लावायचात, धक्क्यानं एखादं पातं कुठे घासायला लागलंय का ते बघायला. शिट्टी वाजणाऱ्या त्या कानांना ते कसं ऐकू यायचं, देव जाणे. पण यायचं.

मावशींच्या मुलीच्या लग्नात आपण दोघं पंगतीतून उठून गेलो होतो, ते मावशी अजून विसरलेल्या नाहीत. तुमचा फोन थरथरला. क्लासमध्ये एक मशीन कायम चालू असायचं, मुलांचं सगळं काम त्यावर ठेवलेलं. त्याचा पंखा शून्यावर आला होता. किल्ली माझ्या पर्समध्ये होती. तुमच्या मोटरसायकलवर मागे मी पैठणी सावरत बसले आणि आपण चिखल्याहून तलासरीला गेलो. कुलूप काढलं, डबा उघडला, तर पंखा मस्त फिरत होता. वेग सांगणारी तेवढी तार उंदरानं कुरतडली होती. मला हसू आवरेना. एवढं जेवण टाकून आलो ते यासाठी. तुम्ही हसला नाहीत. तार जोडता जोडता म्हणालात, "हसू नका वहिनी. हा आता खरंच बंद पडला असता तरी आपल्याला कळलं नसतं."

नंतर हायवेवर आपण वडापाव खाल्ला. पैठणीवर चटणी सांडली, तो डाग अजून आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर तुम्ही डहाणू रोड स्टेशनच्या पुलावर मध्येच थांबायला लागलात. कठड्याला हात लावून खालून जाणारी मालगाडी बघायचात. पहिल्यांदा मला खरंच वाटलं की मालगाडी बघताय. मग खाली गाडी नसतानाही थांबायला लागलात. मी विचारलं, दम लागतो का. तुम्ही म्हणालात, वय झालं वहिनी. तुमच्या दादाहून तुम्ही लहान.

आणि मग एक दिवस क्लासहून परतताना शेअरच्या इको गाडीत, मागच्या सीटवर आपण दोघंच होतो, तेव्हा तुम्ही सांगितलंत. तुम्ही एकटेच वापीला जाऊन तपासून आला होतात. हृदयाचे स्नायू सैल पडलेत, निम्म्याहूनही कमी जोरानं चालतंय. गोळ्या दिल्यात. याच्यापुढे फारसं काही करता येत नाही, मुंबईला नवीन हृदय बसवतात, पण ते तुमच्या बाबतीत कठीणच आहे, असं डॉक्टर म्हणाले. हे सगळं तुम्ही एखाद्या गिऱ्हाइकाच्या मशीनबद्दल सांगावं तसं सांगितलंत. मी बाहेर बघत होते. चिकूच्या वाड्या लागल्या तेव्हा तुम्ही म्हणालात, "घरी सांगू नका. आई काय करणार आहे कळून? नुसता घरभर आवाज होईल."

घरी आलो तर आईंनी तुमच्या आवडीचं केलं होतं. सुक्या बोंबलाची चटणी, वर पापड, कैरीचं लोणचं. खा रे, सुकलायस, म्हणून त्या आग्रह करत होत्या. डॉक्टरांनी मीठ पार बंद करायला सांगितलं होतं, हे तुम्ही मला अर्ध्या तासापूर्वी सांगितलं होतंत. तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत आणि चटणी भाकरीला लावून खाल्लीत. आईंनी आणखी वाढली. तुम्ही तीही खाल्लीत.

मी त्याच संध्याकाळी तुमच्या दादाला सांगितलं आणि सकाळी आईंना. तुम्हाला वाटलं असेल मी घाबरून सांगितलं. घाबरले होतेच. पण आईंच्या हातानं रोज तुम्हाला ते मीठ जाताना मी शेजारी बसून बघायचं, हे मला शक्य नव्हतं. पुन्हा तशी वेळ आली तरी मी सांगेन. हे मी तुम्हाला तेव्हाही म्हटलं असतं, पण तुम्ही मला विचारलं नाहीत.

मग तुम्ही म्हणाला होता तसंच झालं. दादानं कारखान्यात रजा टाकली आणि तुम्हाला मुंबईच्या डॉक्टरांकडे फिरवलं. सगळ्यांनी वापीच्या डॉक्टरांचंच सांगितलं, फक्त जास्त इंग्रजीत. आईंनी नवस बोलले, उपास धरले. नातेवाईक यायला लागले. प्रत्येक जण कुणाचा तरी असाच आजार बरा झाल्याची गोष्ट सांगायचा. आई घटकेघटकेला तुमच्या दारात येऊन विचारायच्या, बरं वाटतंय ना रे? आणि तुम्ही म्हणायचात, हो, बरं वाटतंय.

माझ्याशी मात्र बोलणं बंद. तुम्ही क्लासला येत होता, काम करत होता, पण इकोमध्ये पुढे ड्रायव्हरशेजारी बसायला लागलात. मी मागे बसून तुमच्या मानेकडे बघायचे. आपण किती वर्षं भांडलो, पण तुम्ही कधी पुढच्या सीटवर गेला नव्हता.

एक दिवस पुढची सीट भरलेली होती म्हणून तुम्हाला मागे यावं लागलं. बराच वेळ गेल्यावर तुम्ही म्हणालात, "वहिनी, तुम्ही रेघ लवकर चढवलीत."

मी म्हटलं, "मशीन वाचवायला."

तुम्ही विचारलंत, "वाचलं का?"

तुमच्या आवाजात राग नव्हता. तुम्हाला खरंच उत्तर हवं असावं. मला उत्तर येत नव्हतं, आणि खोटं बोलले असते तर तुम्हाला कळलं असतं. इको स्टँडवर थांबली. तुम्ही उतरून माझी पिशवी घेतलीत, नेहमी घ्यायचात तशी, आणि दोन पावलं चालून मला परत दिलीत. उचलवली नाही. त्या पिशवीत फक्त रिकामे डबे होते. त्यानंतर आपण परत पहिल्यासारखं बोलायला लागलो, पण हा विषय सोडून.

तुम्हाला वापीला भरती केलं तेव्हा बाहेर कडक ऊन होतं आणि आत इतकं थंड की दादानं पिशवीतला आपला स्वेटर काढून तुमच्या पायांवर घातला. तुमच्या डोक्याशी तो मॉनिटर. ठोके, ऑक्सिजन, प्रेशर, हिरवे पिवळे आकडे, आणि आकडा जरा हलला की टीं टीं टीं. तुम्ही डोळे मिटून कपाळाला आठ्या घालून पडलेले. त्या कानांना तो आवाज कसा लागत असेल हे घरात फक्त मला माहीत होतं. मी नर्सबाईंना विचारलं, आवाज कमी करता येईल का. त्या गुजराती, समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, बेन, अवाज तो राखवो पडे, नहीं तो अमने खबर केम पडे. त्यांचंही बरोबर होतं. आवाज ठेवला नाही तर त्यांना कळणार कसं. तरी जाता जाता त्यांनी एक बटण दाबलं आणि आवाज थोडा उतरला. तुमच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या, ते मी बघितलं. त्या बाईंचं नाव मला ठाऊक नाही. त्यांची मी आभारी आहे.

तुम्ही डोळे उघडलेत आणि मान वळवून मॉनिटरकडे बघितलंत. नंतर माझ्याकडे. मला वाटलं पाणी हवंय. तुम्ही म्हणालात, "तीन तारांचा आहे, वहिनी."

मी म्हटलं, हो.

शेजारी उभ्या असलेल्या तुमच्या दादाला काही कळलं नाही. त्याला वाटलं तुम्ही बरळताय. त्यानं तुमच्या कपाळावर हात ठेवला. मी त्याला सांगितलं नाही की हेमंतभाऊजी शुद्धीवर आहेत आणि म्हणतायत की हे यंत्र नुसतं सांगतं, ऐकत नाही.

दुपारनंतर आकडे उतरायला लागले. आपण दोघांनी इतकी वर्षं हेच केलं होतं. आकडा बघायचा, हलला की हात घालायचा. तुम्ही खाली, मी वर. आता आकडा समोर होता आणि हात घालायला कुठेच जागा नव्हती. डॉक्टर आले, त्यांनी सुया टोचल्या, छाती दाबली, त्यांना जे येत होतं ते केलं. आम्हाला पडद्याबाहेर काढलं. दादा भिंतीला टेकून उभा होता. पडद्याच्या वर मॉनिटरचा कोपरा तेवढा दिसत होता आणि मी तिथेच बघत राहिले, आणि मग नर्सबाईंनी हात वर करून तो बंद केला. एकदम शांत झालं. तुम्हाला हवी होती तशी शांतता, आणि तिच्याकडे माझ्यानं बघवेना.

तुमचा फोन दादाकडे आहे. त्यावर अजून तलासरीच्या पंख्यांचे वेग येतात. कारखान्यात आत मोबाइल नेता येत नाही, म्हणून बारावं झाल्यापासून तो कामावर जाताना चार्जिंगला लावून जातो आणि आल्याबरोबर आधी तेच उघडून बघतो. काल मला विचारलं, हा आकडा मोठा चांगला की लहान चांगला? मी त्याला समजावून सांगितलं. गरमी कमी असताना लहान चांगला, वाढली की मोठा. त्यानं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली. मग म्हणाला, म्हणजे बघून कळत नाही. मी म्हटलं, नाही, नुसतं बघून कळत नाही. बारा-बारा तास कंप्रेसरच्या शेजारी काम करणारा हा माणूस, भाऊ आयुष्यभर ज्या आवाजाच्या मागे लागला होता त्याचे आकडे हातात धरून खाटेवर बसून राहिला.

कविताचा फोन आला होता. ऊन वाढलंय, सरांची सेटिंग तशीच ठेवू की वाढवू? आता मला अडवणारं कुणी नाही. तुम्ही असतात तर मी त्याच दिवशी रेघ वर ओढली असती. मी तिला म्हटलं, बघते, सांगते. अजून सांगितलेलं नाही. एक मशीन गेलं तर मुलांचा खोळंबा होईल हे मला कळतं. रेघ वाढवली तर कुणी भिंतीकडे बघून टोमणा मारणार नाही हेही कळतं. फोन उचलून एवढं एक वाक्य बोलायचं, ते होत नाहीये.

आणि एक सांगायचं राहिलं. खरं तर तेच सांगायला बसले होते.

आज सकाळी आई आणि मी मागच्या ओट्यावर पापडीच्या शेंगा निवडत होतो. तुम्ही गेल्यापासून आई फार बोलत नाहीत, आणि जे बोलतात ते कामाचं. शेंगांचे दोरे काढता काढता, वर न बघता म्हणाल्या, "तू मला सांगितलंस ना, मीना, त्याच्या दुखण्याचं."

माझे हात थांबले. त्यांचे चालू होते.

"मला कळल्यापासून तो माझ्यासमोर बरा असल्यासारखा वागायला लागला. मी दारात आले की उठून बसायचा. हसायचा. मला दिसत होतं की त्याला बसवत नाहीये. मला कळलं नसतं तर आडवा तरी पडून राहिला असता."

तुम्ही इकोमध्ये जे विचारलं होतंत त्याचं उत्तर असं, शेंगांच्या ढिगावरून येईल असं मला वाटलं नव्हतं. मी विचारलं, "मग मी सांगायला नको होतं का, आई?"

पलीकडच्या वाडीत कुणीतरी चिकू उतरवत होतं, त्याची हाक आली आणि गेली.

"न सांगतीस," आई म्हणाल्या, "तर मी तुला या घरात उभी केली नसती."

त्यांनी हे रागानं म्हटलं नाही, आणि माझं समाधान करायलाही म्हटलं नाही. जे होतं ते सांगितलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आता पुढे काही म्हणतील म्हणून. त्यांनी निवडलेल्या शेंगा टोपलीत टाकल्या, राहिलेल्यांतल्या अर्ध्या माझ्याकडे सारल्या आणि अर्ध्या आपल्यापुढे ओढल्या.